टायमर इंटरप्टने वेळ सांगावी, कामं लूपने करावीत

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. गिरगावातल्या एका जुन्या चार मजली इमारतीसाठी पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर बनवला आहे. आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड गच्चीवरच्या टाकीजवळ बसवला आहे. टाकीवर एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे आणि खालच्या टाकीतला फ्लोट स्विच वायरने वर आणला आहे. शिवाय चार आकडी सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले, दोन बटणं, बझर आणि पंपाच्या काँटॅक्टरसाठी (विजेच्या मोठ्या स्विचसाठी) रिले. सुरुवातीला सगळं डिलेवर (ठरावीक वेळ नुसतं थांबवून ठेवणाऱ्या फंक्शनवर) चालायचं, तेव्हा डिस्प्ले लुकलुकायचा आणि बटण दोन-तीनदा दाबावं लागायचं. मग कुणीतरी टायमर इंटरप्ट (ठरलेल्या वेळी चालू काम मधेच थांबवून वेगळा कोड चालवण्याची सोय) वापरा म्हणून सांगितलं. आता टायमर १ वर दर सेकंदाचा इंटरप्ट आहे आणि सेन्सर वाचणं, पंपाचा निर्णय, बझर, सीरियलवर छापणं असं सगळं त्यातच आहे. डिस्प्ले मात्र लूपमध्येच (सतत फिरणाऱ्या मुख्य कोडमध्येच) राहिला आहे. परिणाम असा की दर सेकंदाला डिस्प्ले झटका खातो, आणि टाकी भरून बझर वाजायची वेळ आली की बोर्ड गोठतो. टायमरच्या सेटिंगमध्ये चूक आहे का?

नाही. दर सेकंदाला झटका बसतोय म्हणजे टायमर बरोबर चालतोय. बिघाड इंटरप्टच्या आत ठेवलेल्या कामांत आहे.

बोर्ड का गोठतो ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये एखाद्या इंटरप्टचं काम सुरू झालं की बाकीचे सगळे इंटरप्ट बंद होतात आणि ते काम संपेपर्यंत बंदच राहतात. बझर अर्धा सेकंद वाजावा म्हणून तुम्ही आत डिले टाकला असणार. डिले घड्याळ बघत थांबतो, आणि ते घड्याळ टायमर ० च्या इंटरप्टवर चालतं. तो इंटरप्ट तर तुम्हीच अडवून धरलाय. त्यामुळे घड्याळ एक-दोन मिलिसेकंदांच्या पुढे सरकत नाही आणि डिले संपत नाही. पंप चालू असताना हे झालं तर टाकी वाहत राहणार. म्हणून हा दोष केवळ डिस्प्लेच्या देखणेपणाचा नाही.

झटक्याचं कारणही तिथेच आहे. आवाजाला जाऊन-येऊन प्रत्येक सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. पाणी सेन्सरपासून दीड मीटर खाली असेल तर पल्स-इन (पल्सची लांबी मोजणारं फंक्शन) जवळजवळ ९ मिलिसेकंद नुसतं थांबून राहतं. प्रतिध्वनी आलाच नाही तर सेन्सर स्वतः माघार घेईपर्यंत त्याहून कितीतरी जास्त, आणि सेन्सरचा सिग्नल आणणारी एको वायर सुटली असेल तर पल्स-इनची ठरलेली मर्यादा पूर्ण एक सेकंदाची आहे. सीरियलवर ९६०० बॉडला एक अक्षर जायला १ मिलिसेकंदाहून किंचित जास्त लागतो, आणि ६४ बाइटचा बफर भरला की छापणारा कोड तिथेच उभा. एवढ्या वेळात डिस्प्लेचा एकच आकडा पेटलेला राहतो आणि तोच डोळ्यांना झटका म्हणून दिसतो.

न दिसणारं नुकसान वेगळंच आहे. टायमर ० दर १.०२४ मिलिसेकंदाला भरून वाहतो. इंटरप्ट अडलेले असताना तो दहा वेळा वाहिला तरी चिप फक्त एकदाच लक्षात ठेवते, कारण त्यासाठी फ्लॅग (घटना घडल्याची एका बिटाची खूण) एकच आहे. म्हणजे दर सेकंदाला मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) आठ-नऊ मिलिसेकंद मागे पडतं. दिवसाकाठी ही गळती दहा-बारा मिनिटांची होते. पंप जास्तीत जास्त इतकी मिनिटं चालेल असं तुम्ही मिलिसवर बेतलं असेल, तर ती मिनिटंही खोटी निघतात.

शाळेत शिपाई घंटा देतो, तास शिक्षक घेतात. टायमर इंटरप्टला शिपायाच्या कामापलीकडे काही देऊ नका. त्याने एक मोजणी वाढवावी आणि बाहेर पडावं. याला अपवाद अशाच कामाचा, जे छोटं आहे आणि वेळेवर झालं नाही तर बिघडतं. तुमच्या प्रकल्पात असं काम डिस्प्लेचं आहे. चार आकडे आळीपाळीने प्रत्येकी २ मिलिसेकंद पेटवले तर पूर्ण फेरी ८ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या, आणि डोळ्याला स्थिर प्रकाश दिसतो. हे आकडे बदलण्याचं काम खुशाल इंटरप्टमध्ये घ्या. फक्त नवा आकडा लावण्याआधी जुना विझवा, नाहीतर शेजारच्या आकड्याची पुसट सावली दिसत राहते. डिजिटल-राइटच्या एका हाकेला उनोवर काही मायक्रोसेकंद जातात. बारा पिना हलवायच्या तर पन्नासच्या आसपास. चालून जाईल, पण थेट पोर्टवर लिहिलंत तर हाच वेळ दोन-तीन मायक्रोसेकंदांवर येतो आणि मला तेच आवडतं.

आता कोणता टायमर घ्यायचा. टायमर ० ला हात लावू नका, त्यावर मिलिस आणि डिले उभे आहेत. टायमर १ एकटाच १६ बिटांचा आहे, त्याचं सोनं करणारं काम पुढे सांगतो. घंटेसाठी टायमर २ घ्या. घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, प्रिस्केलर (घड्याळाचा वेग भागणारी पायरी) ६४, म्हणजे सेकंदाला २,५०,००० मोजण्या. त्यातल्या २५० झाल्या की १ मिलिसेकंद. मोजणी शून्यापासून होते म्हणून ओसीआर२ए या तुलनेच्या रजिस्टरमध्ये २४९ लिहायचे. २५० लिहिलेत तर प्रत्येक मिलिसेकंद ४ मायक्रोसेकंदांनी लांबतो आणि दिवसाला पावणेसहा मिनिटं मागे पडतात. मोड सीटीसी ठेवा, म्हणजे जुळणी होताच काउंटर हार्डवेअरनेच शून्यावर येतो आणि इंटरप्टला पोचायला जरा उशीर झाला तरी पुढची घंटा हलत नाही.

इथे एक सापळा आहे. टायमर ० आणि १ मध्ये प्रिस्केलरचे तीन बिट ०११ केले की ६४ मिळतात. टायमर २ मध्ये ३२ आणि १२८ अशा दोन जास्तीच्या पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथे ०११ म्हणजे ३२ आणि ६४ साठी १०० लागतात. टायमर १ चा कोड उचलून टायमर २ ला लावला आणि सगळं दुप्पट वेगाने धावायला लागलं, तर कारण हेच.

दुसरा सापळा टायमर १ चा. आर्डुइनोचा स्वतःचा सुरुवातीचा कोड तुमच्या सेटअपच्या आधी धावतो आणि सगळे टायमर पीडब्ल्यूएमसाठी (पिन वेगाने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज बदलण्यासाठी) तयार करून ठेवतो. टायमर १ च्या टीसीसीआर१ए रजिस्टरमध्ये तो डब्ल्यूजीएम१० हा बिट १ करून जातो. तुम्ही सीटीसीचा बिट नुसता ‘ऑर’ करून जोडलात तर दोन्ही मिळून वेगळाच मोड होतो, काउंटर २५५ वरच वळतो आणि तुमचं गणित बरोबर असूनही इंटरप्ट भलत्याच वेगाने येतात. म्हणून कोणताही टायमर हाती घेताना त्याची दोन्ही कंट्रोल रजिस्टरं आधी शून्य करायची, मग हवे ते बिट लावायचे आणि इंटरप्ट सगळ्यात शेवटी चालू करायचा.

टायमर २ घेतल्यावर टोन फंक्शन वापरता येणार नाही, ते याच टायमरवर चालतं. तुमचा बझर नुसते ५ व्होल्ट दिले की वाजणारा असेल तर प्रश्नच नाही, पिन चालू-बंद करा. तसा नसेल तर लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात ‘अ‍ॅक्टिव्ह बझर’ म्हणून मागा. एकाच सुराच्या बझरपायी अख्खा टायमर खर्च करण्यात अर्थ नाही.

आणि इंटरप्टच्या व्हेक्टरचं (इंटरप्टला त्याच्या कोडशी जोडणाऱ्या नोंदीचं) नाव अक्षर न् अक्षर तपासा. ते चुकलं तरी कोड कंपाइल होतो. कंपायलर इशारा देतो, पण आर्डुइनो आयडीईमध्ये इशारे सहसा बंद असतात, ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चालू करून घ्या. चुकलेल्या नावाचा परिणाम असा होतो की इंटरप्ट येतो, त्याला वाली सापडत नाही आणि चिप प्रोग्रामच्या सुरुवातीला उडी मारते. बाहेरून बघणाऱ्याला बोर्ड सारखा रीसेट होतोय असं वाटतं आणि तो पॉवर सप्लाय बदलत बसतो.

आता इंटरप्ट आणि लूप यांच्यातली देवघेव. दोघांच्या वापरातला प्रत्येक व्हेरिएबल व्होलाटाइल हवा, नाहीतर कंपायलर त्याची जुनी किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवेल आणि लूपला बदल कळणारच नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. पण व्होलाटाइल लावलं की काम झालं, असं मानणं धोक्याचं आहे. ही चिप ८ बिटांची आहे, १६ बिटांचा आकडा ती दोन तुकड्यांत वाचते. समजा मोजणी २५५ वर आहे. लूपने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात इंटरप्ट आला आणि मोजणी २५६ झाली. परत येऊन लूपने वरचा बाइट वाचला, १. हाती आले ५११. हा आकडा कधी अस्तित्वातच नव्हता. असं क्वचितच घडतं, टेबलावर तासभर चालवून दिसत नाही, आणि महिन्यातून एकदा पंप विनाकारण बंद होतो तेव्हा कुणाला कारण सापडत नाही. म्हणून एका बाइटपेक्षा मोठा आकडा वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करा, स्वतःची प्रत काढून घ्या, आणि स्टेटस रजिस्टर आधी होतं तसं परत ठेवा. त्यासाठी एव्हीआरच्या लायब्ररीत अ‍ॅटॉमिक ब्लॉक तयार आहे. ३२ बिटांच्या चिपवर असा आकडा एका दमात वाचला जातो, पण वाचून-वाढवून-परत लिहिण्याचा धोका तिथेही राहतोच.

लूपला घंटा कळवायला बरेच जण खरं-खोटं असा फ्लॅग ठेवतात. मी मोजणी ठेवायला सांगेन. लूप कुठे अडकला आणि तेवढ्यात तीन घंटा वाजल्या, तर फ्लॅग एकच सांगतो. मोजणी तीन सांगते, आणि आपला लूप मागे पडतोय हेही त्यातूनच कळतं. लूपने आपली मोजणी इंटरप्टच्या मोजणीशी ताडून बघायची आणि फरक असेल तितक्या पायऱ्या पुढे जायचं. प्रत्येक कामाला आपापला उलटा काउंटर द्या: बटणं १० मिलिसेकंदांना, डिस्प्लेवरचा मजकूर २०० ना, सेन्सर ५०० ना, पंपाचा निर्णय १,००० ना. काउंटर शून्यावर आला की काम करायचं आणि त्यात पुन्हा तेवढाच कालावधी मिळवायचा. सुरुवातीला सगळे एकाच आकड्यावरून सोडू नका. तसं केलं तर दर हजाराव्या घंटेला चारही कामं एकदम अंगावर येतात. कुणाला ३ पासून, कुणाला ७ पासून सोडा, ती आयुष्यभर एकमेकांना टाळतील.

हे सगळं मिलिस वापरूनही करता येतं, आणि डिस्प्ले नसता तर मी तुम्हाला टायमरच्या वाटेला जाऊही दिलं नसतं. फक्त मिलिसला ५०० ने भागून बाकी शून्य आहे का, असं कधी विचारू नका. टायमर ० ची पावलं १.०२४ मिलिसेकंदांची असल्याने मिलिस साधारण दर ४२ मिलिसेकंदांनी एक आकडा गाळून पुढे जातं. नेमका तुमचा आकडा गळला तर त्या वेळचं काम झालंच नाही. उलट लूप जलद असेल तर एकाच मिलिसेकंदात तेच काम शेकडो वेळा होतं. आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा करून फरक बघायचा, ही रीत सुरक्षित आहे. ४९.७ दिवसांनी मिलिस शून्यावर आलं तरी बिनचिन्हाच्या वजाबाकीला त्याने फरक पडत नाही. आणि काम झाल्यावर मागच्या वेळेत ‘आत्ता’ भरण्याऐवजी कालावधी मिळवा, म्हणजे छोटे-छोटे उशीर साठत जात नाहीत.

बटणांना बाहेरचा इंटरप्ट लावू नका. बटणाचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि शेजारी काँटॅक्टर पडला-उठला की वायरींवर ठिणगीचा गोंगाट येतो. खालून वर आलेली फ्लोट स्विचची लांब वायर तर अँटेनाच आहे. दर १० मिलिसेकंदांनी पिन बघा, सलग चार वेळा एकच उत्तर आलं तरच ते खरं माना. फ्लोट स्विचला मी सलग दोन-तीन सेकंद देईन, पाण्याच्या लाटांवर तो नाचतो.

आता सेन्सर, टायमर १ ज्यासाठी राखून ठेवला तो. पल्स-इन स्वतःच्या फेऱ्या मोजून वेळ काढतं. मधे तुमचा डिस्प्लेचा इंटरप्ट आला तर तेवढ्या काळात त्याची मोजणी थांबलेली असते, आणि पाणी आहे त्यापेक्षा सेन्सरच्या जवळ दिसतं. दीड मीटरच्या मोजणीत चार-पाच वेळा डिस्प्ले बदलला आणि दर वेळी पन्नास मायक्रोसेकंद गेले, तर चूक चार सेंटिमीटरची. कधी तीन, कधी चार, म्हणून आकडा नाचत राहतो आणि दोष सेन्सरवर येतो.

एको पिन डिजिटल ८ वर न्या. तिथे टायमर १ चं इनपुट कॅप्चर आहे. सिग्नल वर किंवा खाली गेला त्या क्षणीची मोजणी हार्डवेअरच आयसीआर१ रजिस्टरमध्ये उतरवून ठेवतं, तुमचा इंटरप्ट दहा-वीस मायक्रोसेकंद उशिरा पोचला तरी नोंद खरीच असते. प्रिस्केलर ८ ठेवा, म्हणजे एक मोजणी अर्ध्या मायक्रोसेकंदाची आणि पूर्ण १६ बिटांची फेरी ३२.७६८ मिलिसेकंदांची. सेन्सरचा पल्ला ४ मीटरचा आणि त्याला लागतात सुमारे २३, म्हणजे प्रतिध्वनी आला तर फेरी ओलांडायची चिंता नाही. ट्रिगर दिला की आधी चढती कड टिपायची, तिची मोजणी ठेवून घ्यायची, मग कड उतरती करायची आणि कड बदलल्यावर कॅप्चरचा फ्लॅग पुसायचा, नाहीतर खोटा इंटरप्ट येतो. दोन नोंदींच्या बिनचिन्हाच्या वजाबाकीला ११६ ने भागलं की सेंटिमीटर. या सगळ्यात लूप कुठेच थांबत नाही. अर्ध्या सेकंदाने ट्रिगर द्यायचा, पुढच्या फेरीत तयार उत्तर उचलायचं. शेवटच्या पाच वाचनांतलं मधलं घ्या. वरून पाणी पडत असताना पृष्ठभाग खळबळतो आणि एखादं वाचन हमखास भलतं येतं.

डिप्लोमाला ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर हे शिकलेल्यांसाठी एक गोष्ट. तिथे मोड १ मध्ये ५० मिलिसेकंदांसाठी टायमरमध्ये ३सीबी० (हेक्समध्ये) भरायची सवय असते. ती किंमत १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची आहे. बोर्डावर बऱ्याचदा सीरियलच्या सोयीसाठी ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असतो. त्यावर तीच किंमत ५४.२५ मिलिसेकंद देते, तिथे ४सी०० भरा. शिवाय मोड १ मध्ये किंमत दर वेळी कोडनेच भरावी लागते, त्यामुळे इंटरप्टला पोचण्यातला उशीर साठत जातो. सीटीसीमध्ये ही भानगड नाही. एसटीएम३२ या ३२ बिटांच्या चिपवर जाल तेव्हा उलटी काळजी घ्यावी लागते: तिथे टायमरचा फ्लॅग आपोआप पुसला जात नाही. तो हँडलरच्या (इंटरप्टच्या कोडच्या) सुरुवातीलाच पुसा. विसरलात तर चिप त्याच हँडलरमध्ये फिरत राहते.

घड्याळाच्या अचूकतेबद्दल. उनोवर एटीमेगाला सिरॅमिक रेझोनेटर आहे, क्रिस्टल नाही. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत धरायची, म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत. डिस्प्ले, बटणं, सेन्सर यांना त्याने काही होत नाही. पण पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि तुम्हाला पंप त्या वेळेशी बांधायचा असेल, तर टायमरच्या मोजण्यांवरून दिवसाची वेळ ठेवू नका. डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावा. ० ते ४० अंश तापमानात त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला मिनिटभर.

सगळं जुळल्यावर मोजून बघा. एक मोकळी पिन इंटरप्टच्या पहिल्या ओळीत वर आणि शेवटच्या ओळीत खाली करा, आणि पिनांचे चढ-उतार वेळेसह दाखवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावा. आठ चॅनलचा स्वस्तातलाही पुरतो. दोन चढत्या कडांमधलं अंतर म्हणजे तुमची घंटा, पिन वर असल्याचा काळ म्हणजे इंटरप्टचा खर्च. १ मिलिसेकंदाच्या घंटेला तो ५० मायक्रोसेकंदांच्या आत ठेवा. दुसरी पिन लूपच्या प्रत्येक फेरीला उलटवा, म्हणजे कुठलं काम लूपला अडवतंय तेही चित्रात दिसेल.

राहिला वॉचडॉग (वेळेत रीसेट केला नाही तर अख्खी चिप रीसेट करणारा टायमर), आणि पंप हातात असलेल्या बोर्डात तो हवाच. त्याची वेळ २ सेकंद ठेवा आणि त्याला रीसेट करणारी ओळ फक्त लूपमध्ये, सगळी कामं वेळेवर झाल्याची खात्री केल्यावरच लिहा. टायमर इंटरप्टमध्ये ती कधीही टाकू नका. लूप मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो, वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं आणि पंप कोरडा जळतो. उनोऐवजी जुन्या बूटलोडरचा (चिपमध्ये प्रोग्राम चढवणाऱ्या छोट्या कोडचा) नॅनो वापरणार असाल तर आधी बूटलोडर बदला, नाहीतर वॉचडॉगनंतर तो पुन्हा पुन्हा रीसेटच होत राहतो. रीसेटच्या क्षणी चिपच्या सगळ्या पिना इनपुट होऊन तरंगतात, म्हणून रिलेच्या पिनेला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. ० दिल्यावर चालू होणारं रिले मॉड्यूल असेल तर तो ५ व्होल्टकडे, नाहीतर ग्राउंडकडे. मग पंपाच्या जागी दिवा जोडा, लूपमध्ये मुद्दाम न संपणारी फेरी टाका आणि बघा: दोन सेकंदांत दिवा विझला आणि बोर्ड नव्याने उठला, तरच खरा पंप जोडा.